सुक्याबरोबर ओलं का जळावं?

भागवत सप्ताहाच्या सातव्या दिवशी सगळ्यांनाच घाई असते. मंडपाबाहेर काल्याची तयारी चाललेली असते, चुलवणावर महाप्रसादाच्या कढया चढलेल्या असतात, पोरंसोरं पंगतीच्या जागा धरून बसलेली असतात. व्यासपीठावरचे महाराज अकराव्या-बाराव्या स्कंधावर आलेले असतात. त्या घाईत द्वारका बुडते. ‘यादव माजले, पापाचा घडा भरला, समुद्राने नगरी गिळली’ एवढ्या तीन वाक्यांत एक अख्खं शहर पाण्याखाली जातं. दुधनेच्या काठच्या गावांत, सेलूच्या देवळांत, परभणी जिल्ह्यात जिथे जिथे सप्ताह बसतो तिथे थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं. श्रोते हात जोडतात आणि उठतात.

गोष्ट नीट वाचली तर मात्र हात जोडण्याआधी काही विचारावंसं वाटतं. कारण यादव माजले होते हे खरं धरलं, तरी समुद्राने त्यांना गिळलं असं ना महाभारत सांगतं ना भागवत. माजलेले यादव प्रभासक्षेत्री एरका गवताच्या मुसळांनी एकमेकांना मारून आधीच संपले होते. समुद्र आला तेव्हा द्वारकेत उरले होते ते म्हातारे, बाया आणि लेकरं. त्यांनाही अर्जुनाने बाहेर काढलं. महाभारताच्या मौसलपर्वात हे दृश्य फार बारकाईने आलं आहे. लोक शहराचा जो जो भाग सोडत गेले, तो तो भाग त्यांच्या पाठोपाठ पाण्याने भरत गेला आणि ते पाहून चालणाऱ्यांनी पाय उचलले. म्हणजे ज्यांना शिक्षा व्हायला हवी होती ते मरून गेले होते, ज्यांनी काही केलं नव्हतं ते वाटेला लागले होते, आणि समुद्राच्या हाती लागले ते रिकामे वाडे. तीन वाक्यांतली आपली कथा आणि ग्रंथातली कथा यांत एवढं अंतर आहे.

अंतर इथेच संपत नाही. मौसलपर्वात सगळी द्वारका बुडते. विष्णुपुराण आणि भागवत मात्र सांगतात की श्रीकृष्णाचं घर तेवढं समुद्राने सोडलं. द्वारका का बुडाली, याचंही एक उत्तर नाही. स्त्रीपर्वात गांधारी कृष्णाला शाप देते. युद्ध थांबवण्याची ताकद असून तू थांबवलं नाहीस, तेव्हा तुझं कुळही असंच आपसांत मरेल, असा तिचा आक्षेप आहे. मौसलपर्वात सांबाला गरोदर बाईचा वेष देऊन ऋषींची चेष्टा करणाऱ्या पोरांमुळे शाप मिळतो. भागवतात त्या दोन्हींच्या वर आणखी एक कारण येतं: यादवांचा भार पृथ्वीवरून उतरवण्याचं देवानेच योजलं होतं. एका शहराच्या नाशाला एक दुखावलेली आई, एक पोरकट चेष्टा आणि एक दैवी योजना अशी तीन कारणं. तिघांचा न्याय एकाच पारड्यात बसत नाही.

आपल्या शेजारच्या जिंतूर तालुक्यात नेमगिरीच्या डोंगरावर जैनांचं तीर्थ आहे, नेमिनाथांचं. जैन परंपरेत बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ हे श्रीकृष्णाचे चुलतभाऊ. त्या परंपरेतही द्वारका नष्ट होते, पण पाण्याने नाही, आगीने. दारू पिऊन धुंद झालेल्या यादव पोरांनी द्वैपायन मुनींना मारहाण केली आणि त्या मुनींच्या क्रोधाने शहर पेटलं. नेमिनाथांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून नगरातली सगळी दारू बाहेर टाकायला लावली होती, आणि पोरांनी प्यायली ती तीच टाकलेली दारू. पुढचा प्रसंग जिनसेनांच्या ‘हरिवंशपुराणा’चा वाचक विसरू शकत नाही. कृष्ण आणि बलदेव आपल्या आईबापांना बाहेर काढायला धडपडतात आणि त्यांना ते जमत नाही. दोघांखेरीज कुणालाही सुटका नाही. जिनसेनांनी हा ग्रंथ शके 705 मध्ये, म्हणजे इ.स. 783 मध्ये पूर्ण केला. म्हणजे तासाभराच्या अंतरावर एका डोंगरावर द्वारका जळालेली आहे आणि खाली मंडपात ती बुडालेली आहे.

असा विरोध समोर आला की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं पुढे येतात. पहिली जोडकाम करणारी. ती म्हणतात, एक द्वारका या कल्पातली, दुसरी मागच्या कल्पातली. किंवा आधी जळाली, मग बुडाली. दुसरी टाळ्या पिटणारी. त्यांच्या मते दोन पानांचा मेळ बसत नाही, सबब सगळी पोथी रद्दी. हा खेळ मराठीत जुना आहे. मुंबईत 1831 मध्ये मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सनने 1832 मध्ये तिला उत्तर छापलं, आणि पुढच्या वर्षी इस्लामवरही असंच खंडन काढलं. 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वादाला बसले. या वादांतून मराठी गद्याला धार आली, विचारण्याची सवय लागली, हे त्यांचं श्रेय मोठंच आहे. पण दोन्ही बाजू दुसऱ्याच्या पोथीतली विसंगती शोधत होत्या आणि आपल्या पोथीतली झाकत होत्या. विसंगती म्हणजे शत्रूच्या तटाला पडलेलं भगदाड, एवढाच तिचा उपयोग त्यांना ठाऊक होता.

मला त्या भगदाडातून वेगळंच दिसतं. नगरनाशाच्या गोष्टी ज्यांनी सांगितल्या, पुन्हा सांगितल्या, बदलून सांगितल्या, त्यांना त्या गोष्टी सलत होत्या. शहर जळताना आत कोण होतं, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता. म्हणून प्रत्येकाने आपल्या परीने काहीतरी केलं. कुणी शहर आधी रिकामं केलं, कुणी एक घर वाचवलं, कुणी आगीला जाब विचारला.

त्रिपुराचंच बघा. कार्तिकी पौर्णिमेला आपल्याकडे घरोघरी त्रिपूरवाती लावतात, दीपमाळा उजळतात. तारकासुराच्या पोरांची सोन्याची, रुप्याची आणि लोखंडाची तीन नगरं शंकराने एका बाणात जाळली, त्याचा हा सण. महाभारताच्या कर्णपर्वात ही गोष्ट दुर्योधन सांगतो, शल्याला कर्णाचा सारथी व्हायला राजी करण्यासाठी. शंकराच्या रथावर खुद्द ब्रह्मदेव सारथी होता, मग तुला कर्णाचं सारथ्य करायला कसला कमीपणा, असा त्याचा रोख. त्या सांगण्यात असुर सरळसरळ जुलमी आहेत. शिवपुराणात आलो की पंचाईत होते. तिथे त्रिपुरातले लोक धर्माने वागणारे, शिवाची पूजा करणारे आहेत आणि म्हणूनच देवांना त्यांना मारता येत नाही. मग विष्णू एक मुंडण केलेला मायावी गुरू निर्माण करतो. तो त्यांना वेदमार्गावरून हटवतो, आणि हटवल्यावर त्यांना जाळायला मोकळीक मिळते. या गुरूचं वर्णन वाचलं की त्यामागे जैन-बौद्ध साधूंवरचा राग दडलेला स्पष्ट दिसतो. पण कथाकाराने नकळत एक कबुलीही दिली आहे: नीट वागणाऱ्यांना जाळता येत नाही, त्यासाठी आधी त्यांना पापी ठरवावं लागतं. आजच्या कुठल्याही दंगलीच्या आधीचा आठवडा आठवला तरी ही रीत ओळखीची वाटेल.

मत्स्यपुराणात त्रिपुर दोनदा जळतं. पहिल्या कथेत बाण सोडल्यावर शंकरालाच वाईट वाटतं. आत आपला भक्त मय आहे, तोही जाईल, म्हणून तो नंदीला धाडतो आणि मय आपल्या घरासकट वाचतो. दुसरी कथा नर्मदामाहात्म्यात येते. तिथे शहर बाणासुराचं आहे. त्यात जळणाऱ्या बाया अग्नीला विचारतात की आम्ही तुझं काय वाकडं केलं, बायकांची तुला दया कशी येत नाही? अग्नी उत्तर देतो की मी माझ्या मर्जीने काही करत नाही, मी हुकूम बजावतो, कृपा करणं माझ्या हातात नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या कुणा पुराणिकाने हे लिहून ठेवलं आहे. पुढे जगभरात झोपड्या पाडणाऱ्यांनी, गावं उठवणाऱ्यांनी, गोळीबार करणाऱ्यांनी जे उत्तर दिलं ते या अग्नीच्या तोंडी आधीच आहे. आपण मात्र त्रिपूरवात लावतो आणि त्या बायांचा प्रश्न पोथीतच ठेवतो.

लंकेतही तसंच. वाल्मीकींचा हनुमान लंका जाळतो तेव्हा बिभीषणाचं घर सोडतो. तान्ही पोरं छातीशी धरलेल्या बाया रडत कोसळतात, हेही तिथेच लिहिलं आहे. पुढच्याच सर्गात हनुमान थांबतो आणि रागाच्या भरात आपण हे काय करून बसलो, सीताही यात होरपळली असेल तर, म्हणून स्वतःला दोष देतो. युद्धकांडात वानर पुन्हा एकदा रात्री तीच लंका पेटवतात. एकदा राख झालेलं शहर पुन्हा जळायला उभं कसं राहिलं, हे विचारणारा विसंगती पकडतो. मला त्याहून मोठं वाटतं ते असं, की ज्याने लंका जाळली त्याच्याच मनात पहिली शंका आली. रामकथा सांगणारे बहुतेक जण शेपटीच्या आगीवर अर्धा तास रंगतात आणि हनुमानाच्या पश्चात्तापावर अर्धं मिनिटही थांबत नाहीत.

हा सल एकट्या आपल्या ग्रंथांत नाही. बायबलात सदोमचा नाश ठरल्यावर अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान निघाले तर नगर वाचवशील का, इथून सुरू करून तो दहापर्यंत येतो. अखेर शहर जळतं आणि लोटाचं कुटुंब तेवढं बाहेर काढलं जातं. पुन्हा एकच घर. सदोमचं पाप कोणतं, याचं उत्पत्तीच्या पुस्तकातलं उत्तर वेगळं आणि संदेष्टा यहेज्केल याचं वेगळं. तो म्हणतो, गर्व, पोटभर अन्न आणि स्वस्थता असूनही गरिबाला हात न देणं. नीनवे नगराच्या नाशावर नहूम आनंदतो. त्याच नीनवेवर योनाच्या पुस्तकात देव दया करतो, आणि ज्यांना उजवंडावं कळत नाही अशी लाखावर माणसं आणि शिवाय गुरंढोरं तिथे असताना मी कींव करू नये का, असं विचारतो. कुराणात सूरा हूद सांगते की वस्तीतले लोक सुधारणेच्या वाटेवर असताना रब अन्यायाने ती नष्ट करत नाही. सूरा बनी इस्राईलमध्ये नष्ट होणाऱ्या वस्तीतल्या सुखवस्तू लोकांना आज्ञा होते आणि ते बेफाम वागतात. आज्ञा नेमकी कशाची, यावर भाष्यकारांनी पिढ्यान् पिढ्या विचार केला आहे. सेलूच्या एकाच गल्लीत या तिन्ही परंपरांची माणसं शेजारी राहू शकतात. त्यांनी एकमेकांच्या ग्रंथातल्या विसंगती मोजण्यापेक्षा, आपल्या तिघांच्या पूर्वजांना एकच प्रश्न झोपू देत नव्हता, हे एकदा बोलून दाखवावं.

‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ म्हणून आपण हा प्रश्न निकालात काढतो. आगीचा तो स्वभाव आहे, मान्य. पण तो न्याय म्हणून सांगितला की घात होतो. आणि ही पुस्तकी भीती नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद हादरलं. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. त्या वेळीही ‘कलियुग आहे, पाप वाढलं’ असं म्हणणारे मराठवाड्यात कमी नव्हते. कोणतं पाप? दहा दिवस देव बसवून आरत्या म्हटल्याचं?

घरं कशी होती ते पाहिलं की कारण दिसतं. गोल दगड मातीत बसवून रचलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती. आतल्या आणि बाहेरच्या थराला एकत्र धरून ठेवणारा आडवा दगड नाही. वर लाकडाचं माळवद आणि उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून त्यावर दरवर्षी टाकलेल्या मातीचा जाड थर. जमीन हलली तसे भिंतीचे दोन थर फाकले आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. गावातले चिरेबंदी वाडे बसले आणि कडेला असलेल्या गवताच्या, पत्र्याच्या हलक्या खोपी बऱ्याच ठिकाणी उभ्या राहिल्या. इथेही काही घरं वाचली. पण ती पुण्यवंताची म्हणून वाचली नाहीत, छप्पर हलकं म्हणून वाचली. पाप शोधत बसलो असतो तर आडवा दगड आणि भूकंपरोधक पट्टा आपल्याला कधीच सापडला नसता. पुनर्वसनात नवी घरं बांधताना तो बसवला गेला, म्हणजे विचारलं तर उत्तर मिळतं.

मोठी माणसंही या सापळ्यात सापडली आहेत. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटला. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. गांधीजींनी तो विरोध आपल्याच ‘हरिजन’ साप्ताहिकात छापला. अस्पृश्यता हे पाप आहे, याबद्दल दोघांत तिळमात्र मतभेद नव्हता. पण मुंगेर-मुझफ्फरपूरच्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्य गणलेली माणसंही होती. पाप ज्यांनी सोसलं तेच त्याच्या शिक्षेतही मेले, असा हिशेब कोणता देव मांडेल? चांगल्या कामासाठीसुद्धा संकटाला शिक्षा म्हणू नये, हे टागोरांचं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं आणि आजही आहे. दारूबंदीसाठी, हुंडाबंदीसाठी झटणाऱ्या कीर्तनकारांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. द्वारकेच्या दोन्ही कथांत दारू आहे, हे खरं आहे. पण दारू वाईट हे पटवायला एखाद्या गावाचा महापूर साक्षीला आणायचं कारण नाही.

कुणी म्हणेल, कर्मसिद्धांत सोडून द्यायचा काय? करावं तसं भरावं हे खोटं का? माणसाने आपल्या कर्माची जबाबदारी घ्यावी, एवढ्यापुरता तो सिद्धांत उपयोगाचा आहे. आपल्या दुःखाबद्दल कुणी स्वतः तसं म्हणत असेल तर त्याला टोकू नये, त्याला त्यातून धीर मिळत असेल. पण दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून ‘त्यांचं कर्म’ म्हणणं म्हणजे मदतीला जाण्याची जबाबदारी टाळणं. शिवाय हा सिद्धांत आपण सोयीने वापरतो. आपल्या तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना प्रकल्पाचं धरण झालं, वर पैठणला जायकवाडी झालं. काठची गावं उठली, देवळं-मशिदी, शेतं, खळी पाण्यात गेली. त्या गावांचं पाप भरलं, असं कुणी म्हणालं का? नाही. कारण धरण कुणी बांधलं, कुणासाठी बांधलं, मोबदला किती ठरला आणि किती मिळाला, हे सगळ्यांना माहीत होतं. जिथे कारण ठाऊक असतं तिथे आपण हिशेब मागतो. जिथे कारण शोधायचा कंटाळा येतो तिथे पाप आठवतं.

मग ग्रंथ वाचायचे कसे? सेलूच्या लोकांना दोन वेगळ्या हकिकती शेजारी ठेवायची सवय नवी नाही. दासगणूंच्या ‘भक्तिसारामृता’त साईबाबांचे गुरू सेलूचे गोपाळराव देशमुख आहेत, दाभोळकरांच्या ‘साईसच्चरिता’त बाबांचे जन्मगाव, आईबाप कुणालाच ठाऊक नाहीत. दोन्ही पोथ्या इथे वाचल्या जातात आणि कुणाची श्रद्धा त्याने ढळत नाही. हीच मोकळीक द्वारकेला द्यावी. सातव्या दिवशी महाराजांनी मौसलपर्वातलं रिकामं होत जाणारं शहर सांगावं, नेमिनाथांच्या कथेतली आग सांगावी, गांधारीचा आक्षेप सांगावा आणि श्रोत्यांना विचारावं की यातलं तुम्हाला न्याय्य काय वाटतं? हे परंपरेबाहेरचं नाही. याच गोदेकाठच्या पैठणच्या एकनाथांनी भागवताचा अकरावा स्कंध, द्वारकेच्या अंतासकट, लोकांच्या बोलीत आणला, कारण लोकांनी तो समजून घ्यावा अशी त्यांची इच्छा होती. काशीत शके 1495 मध्ये, म्हणजे इ.स. 1573 मध्ये, कार्तिकी पौर्णिमेला त्यांनी ग्रंथ पुरा केला. समजून घेणाऱ्याला प्रश्न पडणारच. प्रश्न पडू नयेत असं नाथांना वाटलं असतं, तर त्यांनी तो संस्कृतातच राहू दिला असता.

घरात पोथी वाचणाऱ्यांनाही हे जमण्यासारखं आहे. त्रिपूरवात लावताना नातवंडांना तीन नगरांची गोष्ट सांगाल, तेव्हा अग्नीला जाब विचारणाऱ्या बायांचीही सांगा. मूल विचारेल, ‘आजी, त्यांची काय चूक होती गं?’ तेव्हा ‘देवाची लीला’ म्हणून गप्प करू नका. ‘काहीच चूक नव्हती’ असं सांगा. पोथीत ज्यांनी हा प्रश्न घातला त्यांना हेच म्हणायचं होतं.

आणि पुढच्या वेळी कुठे नदी फुटली, डोंगर कोसळला, जमीन हलली, तर सांत्वनाला जाताना तोंडातून ‘पाप’ हा शब्द काढू नका. मौसलपर्वातला अर्जुन यादवांच्या पापाचा जमाखर्च मांडत बसला नाही, त्याने उरलेल्यांना गाड्यांत बसवून बाहेर काढलं. वाटेत आभीरांनी लुटलं, गांडीव चालेना, काही बाया पळवल्या गेल्या, तरी उरलेल्यांना त्याने इंद्रप्रस्थापर्यंत नेलं आणि वस्तीला लावलं. नाशाची कारणं ग्रंथांनी निरनिराळी सांगितली आहेत आणि त्यांवर वाद घालायला सगळं आयुष्य पडलं आहे. वाचलेल्यांचं काय करायचं, याबद्दल मात्र महाभारताचं आणि भागवताचं एकमत आहे. आपण आधी तेवढं करावं.